बाळाआधी आलेलं पुस्तक

९ नोव्हेंबर, रविवार

एका बेडकाची मिशी नाहीशी झाली आहे, हे नमूद करताना अत्यंत दुःख होत आहे. गुन्हा शाहूपुरीत उघडकीस आला. फिर्यादी मीच.

'डबकेपूरची वरात' हे चित्रांचं पुस्तक मला आक्कानं पाठ करून दिलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे लेकीला, निशिगंधाला, मी पाठ करून दिलं, तेव्हा तिला येत नव्हतं. लेखकाचं नाव आमच्या घरात कुणालाच कधी ठाऊक नव्हतं. अपौरुषेय वाङ्मय म्हणूनच आम्ही ते चालवलं. आमची प्रत २०१९च्या पुरात गेली. आज अनेकांतच्या दुकानात नवी आवृत्ती दिसली आणि मी उभ्या उभ्याच ती उघडली.

पहिलंच पान. मूळ पाठ असा:

डबकेपूरचे बेडूकराव,
डोक्याला फेटा, मिशीला ताव!

नवा पाठ: 'डोक्याला फेटा, मनात भाव!' आणि चित्रातला बेडूकराव सफाचट. लग्नाला निघालेला नवरदेव नव्हे, बँकेच्या परीक्षेला निघालेला उमेदवार.

"काका, बेडकाला मिशा नसत्यात," अनेकांत म्हणाला. दुकान त्याच्या वडिलांचं, तवनाप्पांचं. पण ते आता फक्त दुपारी येऊन पंख्याखाली बसतात. "शाळावाल्यांनी तक्रार केलीती म्हणं."

"आणि फेटा असतो?"

"फेटा काढला तर कोल्हापुरात पुस्तक घील कोण?"

पुस्तक घेतलं. घरी येऊन आतल्या कोऱ्या पानावर लिहिलं: 'चि. ______ यास, आजोबांकडून.' रिकामी जागा ऐसपैस सोडली आहे. हल्ली नावं लांबलचक ठेवण्याची चढाओढ आहे.

निशिगंधा दिवाळीपासून इकडेच आहे. सातवा लागला आहे. आज दुपारी दोन वेळा खर्डा-भाकरी मागून खाल्ली. चेहरा भरला आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

रद्दी आवरताना संयोगिताला पुस्तक सापडलं. गेली वीसेक वर्षं मी बातमीदार आहे; लपवालपवी शोधणं हा माझा धंदा, लपवणं हा नव्हे.

"हे काय आणलंय तुम्ही?"

"पुस्तक."

"मला दिसतंय की. कुणाला?"

"बाळाला."

तिनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. "कुठल्या बाळाला?"

मी निशिगंधाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"अहो, यायच्या आधी काय आणायचं नसतंय. एवढं पण कळत न्हाय व्हय तुम्हाला? अंगडं-टोपडंसुद्धा दुसऱ्याच्या लेकराचं, वापरलेलं मागून आणत्यात. आणि तुम्ही नाव घालून मोकळे झालाय!"

"नाव कुठं घातलं? रिकामी जागा सोडली आहे."

"ते तर त्याहून वाईट."

मी म्हटलं, ज्या दैवाला इतक्या भानगडी सांभाळायच्या आहेत, ते शाहूपुरीतल्या पुस्तकांच्या दुकानावर नजर ठेवून बसणार नाही. नवस-नारळांवर मी इतके लेख लिहिले, तेव्हा दैवानं माझं काही केलं नाही; एका बेडकासाठी काय करील? वाक्य बरं जमलं होतं. ती हसली नाही. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "गेल्या वर्षी मी लोकर आणलीती." मग आत जाऊन मिक्सर लावला. बराच वेळ लावला. जेवणात वाटणाचं काहीच नव्हतं.

लोकरीचा इथे संबंध काय ते कळलं नाही. गेल्या वर्षी श्रावणात निशिगंधाचं पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा घरात लोकर होती का? आठवत नाही. थंडीला तर अवकाश होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर प्राचींकडे तपासणी. निघताना निशिगंधाच्या पायात तिची सँडल जाईना. माझी चप्पल घालून आली. जिना उतरताना म्हणाली, "बाबा, आजपासून मी तुमच्या पावलावर पाऊल टाकणार." मी हसलो. चप्पल तिला घट्ट होत होती.

बीपी वाढलं आहे. पायांना सूज आहे ती नुसती सूज नाही, लघवीत प्रथिनं जातात. मीठ कमी, डाव्या कुशीवर झोपायचं, पायरी चढायची नाही. खर्डा बंद. कोल्हापूरच्या पोरीला मीठ आणि खर्डा एकाच दिवशी बंद करणं म्हणजे जप्तीच.

संयोगितानं डॉक्टरांना विचारलं, "बाळाला काय धोका न्हाय न्हवं?" डॉक्टर म्हणाल्या, बाळ जरा लहान आहे, बघू. जावयाचा, ऋतुराजचा, बिद्रीहून फोन आला. साखर कारखान्याचा हंगाम नुकताच लागलाय, प्रयोगशाळेतून हलता येत नाही. "मामा, बाळ कसं हाय?" मी सांगितलं, बरं आहे.

याला आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ येते. कावळ्याचं वजन फांदी मोडण्याइतकं नसतं. हे मी गेल्या पाच दिवसांत मनाशी बऱ्याच वेळा सिद्ध केलं.

पुस्तक कार्यालयात नेऊन माझ्या कपाटात ठेवलं. घरात जागा नाही म्हणून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुस्तक परत करायला गेलो. कार्यालयातल्या कपाटातही जागा नाही.

"का ओ काका? पानं उलटी लागल्यात?"

"बेडकाला मिशी नाही."

"ते तुम्ही बघूनच घेतलंतं की."

मागे पंख्याखाली तवनाप्पा डोळे मिटून बसले होते. ते तसेच म्हणाले, "अनेकांत, ठेवून घे. पावणं अस्वस्थ हाईत." मला चाळीस वर्षं ओळखणारा माणूस मला पाहुणा म्हणाला.

अनेकांतनं पुस्तक उघडलं आणि थांबला. "काका, ह्याच्यात लिवलंय की पेनानं. आता हे कुणाला देऊ मी? चिरंजीव कोण, आजोबा कोण?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "निशिगंधाताई बरी हाय न्हवं?"

मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडलो. कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकावं असं मनात आलं. दिलं नाही. दुसऱ्याच्या लेकराला असली वस्तू कशी द्यायची? आणि 'असली' म्हणजे कसली, हे मी स्वतःलाच विचारलं, तेव्हा सिग्नल सुटला होता आणि मागचा रिक्षावाला माझ्या घराण्याविषयी बोलत होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

राधानगरीकडे गव्यांनी ऊस तुडवला. बातमी फोनवर मिळाली असती. मी स्वतः गेलो. आक्काचं गाव वाटेत आहे, म्हणजे वाट थोडी वाकडी केली की वाटेत येतं.

आक्का भात वाळत घालत होती. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई शेतात असायची, मला वाढवलं ते हिनं. पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हटलं, तुझ्याकडे राहू दे.

"माझ्याकडं कशाला? मला का आता नातरू व्हायचाय?" पहिलं पान उघडून तिनं डोळे बारीक केले. "ह्येची मिशी कुटं गेली रं?"

मला भरून आलं. सगळ्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारी एकटी बाई.

मग तिनं सगळं काढून घेतलं. पुस्तक कधी आणलं, संयोगिता काय म्हणाली, डॉक्टरीण काय म्हणाली. मी मध्ये मध्ये काकतालीय न्याय समजावून सांगत होतो.

"व्हय रं बाळू, भ्यालास?"

"मी कशाला भिऊ?"

"मग एवढ्या लांब पुस्तक हिंडवायला आणलंयस?"

मी गव्यांचं सांगितलं.

"गवं काय वाचणार हाईत ते?" आक्का म्हणाली. मग तिनं भातावरून हात फिरवला. "हे बघ. नवं आणायचं नसतंय. जुनं चालतंय. दुसऱ्या लेकरानं वापरलेलं असलं की दोष न्हाय. मग जुनं कर की!"

नातीला हाक मारली. अनुजा, वय वर्षं चार, हातात भाकरी, भाकरीवर आमटी. "ए पोरी, ह्ये घे. तुझं ह्ये. खेळ."

सोळा संस्कारांत हा नाही. तरी मी खुर्ची ओढून यजमानासारखा बसलो आणि विधी पाहिला. पहिल्या पानावर आमटी पडली. तिसरं पान चुरगळलं. पुस्तक उलटं धरून कोंबडीला दाखवण्यात आलं. त्यावर बसून झालं. आक्का ओसरीवरून म्हणत होती, 'डोक्याला फेटा, मिशीला ताव', आणि अनुजा चित्रात मिशी शोधत होती. सापडेना तेव्हा माझ्या खिशातलं पेन तिनं ओढून घेतलं. बेडूकरावांना मिशी आली. मग उंदीरमामांना आली, कासवाला आली, वाजंत्र्यांना आली. नवरीलासुद्धा आली. शहाण्या संपादकांनी जे घालवलं ते व्याजासह परत आलं. पाठशुद्धी अशी व्हावी.

निघताना आक्कानं मी लिहिलेलं पान फाडून काढलं आणि चुलीत घातलं. "ह्ये न्हाय चालायचं," म्हणाली. मी अंधश्रद्धेवरचे माझे सगळे लेख आठवत पुस्तक पिशवीत घातलं.

फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "पोरीला जप."

घरचे सगळे बाळाचं विचारतात. पोरीचं त्यांतली तीच एकटी बोलली.

गव्यांची बातमी राहिलीच. फोनवरून घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुस्तक टेबलावर उघड ठेवून दिलं. संयोगितानं बघितलं.

"हे कुणाचं?"

"आक्काच्या अनुजाचं. तिचं वापरून झालं. जुनं आहे."

तिनं पानं चाळली. मिशा बघितल्या. पहिल्या पानापाशी, फाडलेल्या पानाचा दातेरी काठ दिसतो तिथे, तिचं बोट थांबलं. आमटीच्या डागावर तिनं पदर नेला.

"पुसू नको," मी म्हटलं.

"न्हाय पुसत," ती म्हणाली. मग तिनंच ते नेऊन निशिगंधाच्या उशाशी ठेवलं. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. कांदा चिरत होती म्हणावं तर कांदे अजून टोपलीत होते. बायकांना अशा वेळी विचारू नये.

निशिगंधा हसून हसून लाल झाली. "बाबा, नवरीला पण मिशी! वाचा की. मी ऐकतो."

(कोल्हापूरच्या पोरी स्वतःला 'येतो-जातो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे दचकतात. माझं व्याकरण संस्कृतात घडलं, पण या एका ठिकाणी मी पाणिनीला शाहूपुरीच्या वेशीबाहेर बसवून ठेवलं आहे.)

आमची जुनी रीत अशी की ओळीचा शेवटचा शब्द मी म्हणायचा नाही, तिनं म्हणायचा. तीन वर्षांची असताना चुकली तर रागावून पुस्तक मिटायची. आज सगळे शब्द बरोबर आले. मग कासवाचं पान:

कासव म्हणालं, पुढं व्हा तुम्ही,
अक्षतांपर्यंत पोचतोच...

ती 'मी' म्हणाली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "हे परत म्हणा. ह्याला ऐकू दे. घाई करू नकोस म्हणावं, सावकाश ये." मी परत म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. पुढची वरात आज निघालीच नाही.

तिनं पुस्तक स्वतः वाचायला घेतलं आणि लगेच ठेवून दिलं. "अक्षरं हलत्यात बाबा. कडेनं चमकतंय." मी म्हटलं, या गुळगुळीत कागदाचा हाच दोष, जुनी छपाई कशी जाड आणि ठसठशीत होती. छपाईवर आणखीही बरंच बोललो. ती डोळे मिटून ऐकत होती. डोकं दुखतं म्हणाली. उन्हामुळे असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल सकाळी तिला दवाखान्यात भरती केलं. बीपी वर गेलं होतं.

डॉक्टर प्राचींनी पहिलाच प्रश्न विचारला: "डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं का? कधीपासून?" निशिगंधा माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच." रविवारचं तिनं सांगितलं नाही. मग मी सांगितलं. डॉक्टरांनी नर्सला कुठलं तरी इंजेक्शन लवकर आणायला लावलं. छपाईविषयीचं माझं मत मी तिथे मांडलं नाही.

खोलीत अंधार ठेवतात. उजेडाचा त्रास होतो. पुस्तक संयोगितानं पिशवीतून आणलं आहे, पण वाचायला उजेड नाही. मी पाठ म्हणतो. निशिगंधा कधी शेवटचा शब्द म्हणते, कधी नाही. न म्हटला की मी थांबतो. संयोगिता कोपऱ्यातून तो शब्द म्हणून टाकते आणि वरात पुढे सरकते. तिला हे सगळं येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

कार्यालयातून फोन: ऊसदराच्या बातमीत एकच परिच्छेद दोनदा गेला आहे. मी म्हटलं, महत्त्वाचा असेल.

बाहेरच्या बाकावर संयोगिता अचानक म्हणाली, "पिवळी होती."

"काय?"

"लोकर. दोन लडी. तुम्हाला न सांगता आणलीती. टोपी अर्धी झालीती."

मी काय बोलायला हवं होतं? काकतालीय न्याय मला पाठ होता. कावळ्याचं वजन, फांदीचा कुजका भाग, सगळं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो राहू दिला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. दुपार. ऋतुराज सकाळी बिद्रीहून आला. कपड्यांना अजून मळीचा वास आहे. त्यानं ओठ इतके चावलेत की चहा झोंबतो म्हणून घेत नाही. समोर कुणाची तरी आजी पेढ्यांचा पुडा उघडून सगळ्यांना वाटते आहे. आम्हीही एकेक घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ऋतुराजनं त्याचा पेढा मुठीत धरून ठेवला आहे.

बाराच्या सुमारास डॉक्टर प्राचींनी तिघांना आत बोलावलं. म्हणाल्या, आणखी थांबता येणार नाही. उद्या सकाळी ऑपरेशन. बाळ लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, कदाचित बरेच दिवस.

"मॅडम, एवढी लहान जगत्यात न्हवं?" ऋतुराजनं विचारलं.

"जगतात. आमच्याकडे याच्यापेक्षा लहान जगलीत."

"रडंल का लगेच?" संयोगितानं विचारलं. "वजन किती भरंल? दूध कसं पाजायचं?"

डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "बीपी मात्र औषधांना दाद देत नाही. रक्ताचे रिपोर्ट पण मला हवे तसे नाहीत. रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवा." आणि आमच्याकडे बघत थांबल्या. पुढचा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून थांबल्या होत्या. मंत्र्यांना, कारखान्याच्या अध्यक्षांना, आयुक्तांना अडचणीचे प्रश्न विचारण्यावर माझं घर चाललं आहे. मी खुर्चीत बसून त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. कुणीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मग उद्या भेटू," आणि आम्ही उठलो.

आत गेलो तेव्हा निशिगंधा जागी होती. चेहरा इतका सुजला आहे की डोळे लहान झालेत. म्हणाली, "बाबा, भ्यायचं न्हाय." मी म्हटलं, "छे." ती म्हणाली, "आईला सांगा, टोपी पिवळीच कर." म्हणजे तिला सगळं माहीत होतं, गेल्या वर्षीचंसुद्धा. मी बाहेर येऊन संयोगिताला सांगितलं. ती तशीच उठली आणि लोकर आणायला बाजारात गेली. मी तिला अडवलं नाही.

आता बाकावर मी आणि ऋतुराज. तो मोबाईलवर लहान वजनाच्या बाळांविषयी वाचतो आहे आणि मधूनच मला काही वाचून दाखवतो. मी मान हलवतो. मला त्यातलं काही ऐकू येत नाही.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. त्या बाळाचं मला अजून काहीही वाटत नाही. मी त्याला ओळखत नाही. ते जगावं असं मला वाटतं, जसं कुणाचंही जगावं असं वाटतं, तितकंच. उद्या मला कुणी 'आई की बाळ' असं विचारलं, तर मी क्षणभरही थांबणार नाही. पण असं कुणी विचारत नाही. मला माझी मुलगी मरेल अशी भीती वाटते आहे. पाय सुजले त्या दिवसापासून वाटते आहे.